घरातला वाद आणि सावित्रीमाई

मोर्चात, बैठकीत, परिसंवादात आपण बिनधास्त बोलतो. घरी मात्र जेवताना काका किंवा मोठा भाऊ जातीवरून, मतदानावरून, नाहीतर पलीकडच्या वस्तीवरून काही बोलला की आपण एकतर मान खाली घालून जेवतो किंवा ताटावरून उठतो. वेरूळ-खुलताबाद भागात युवकांसोबत काम करताना हा प्रश्न हमखास निघतो. बाहेरच्या विरोधकाशी लढता येते, पण घरच्यांचे काय करायचे?

या प्रश्नासाठी क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांच्या आयुष्याकडे पाहावे लागेल. त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकणारे पुण्यातील सनातनी आपल्याला माहीत आहेत. पण तोच संघर्ष त्यांना सासरी, माहेरी आणि भावकीतही करावा लागला. जयंतीच्या भाषणात ही बाजू फारशी येत नाही.

सावित्रीमाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० मध्ये नऊ वर्षांच्या सावित्रीचा विवाह तेरा वर्षांच्या जोतीरावांशी झाला. लग्नानंतर जोतीरावांनी त्यांना शिकवले. १८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीमाई शिक्षिका झाल्या. पुढे महार-मांग मुलांसाठीही शाळा निघाल्या.

पहिला वाद सासऱ्यांशी झाला. गोविंदराव दुष्ट नव्हते. चार लोकांचे ऐकून त्यांनी जोतीरावांची शाळा एकदा बंद केली होती, तशी शहाण्या माणसांच्या सांगण्यावरून पुन्हा सुरूही त्यांनीच केली होती. पण त्यांना जातीत राहायचे होते, जातीतल्या लोकांच्या तोंडाला तोंड द्यायचे होते. १८४९ मध्ये त्यांनी मुलासमोर दोनच पर्याय ठेवले: शाळा सोडा किंवा घर सोडा. नवरा-बायकोने घर सोडले. उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला आणि फातिमा शेख शाळेच्या कामात सोबतीला आल्या. रक्ताच्या नात्याने दार लावले, तेव्हा विचाराच्या नात्याने उघडले.

दुसरा वाद माहेरचा. १८५६ मध्ये सावित्रीमाई आजारपणामुळे नायगावला होत्या. तिथून १० ऑक्टोबरला त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. भावाने आपली फार सेवा केली, तो मायाळू आहे, हे त्या आधी लिहितात. मग सांगतात की हाच भाऊ एके दिवशी संतापून बोलला. महार-मांगांसाठी काम करून तुम्ही दोघे पतित झालात, कुळाला बट्टा लावलात, आता तरी जातीच्या रूढीप्रमाणे आणि भटांच्या सांगण्याप्रमाणे वागा, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. आईला वाईट वाटले.

सावित्रीमाई ताटावरून उठल्या नाहीत आणि गप्पही बसल्या नाहीत. त्यांनी भावाला त्याच्याच रोजच्या जगण्यातले दाखले दिले. गाय-बकरीला तू जवळ घेतोस, नागपंचमीला विषारी सापाला दूध पाजतोस, मग तुझ्यासारख्याच माणसाचा विटाळ कसा मानतोस, याचे कारण सांग, असे त्यांनी विचारले. पुढचा प्रश्न आणखी नेमका होता. सोवळ्यातला ब्राह्मण तुलाही शिवत नाही, मग तुझ्यात आणि महारात त्याच्या लेखी फरक काय? भाऊ निरुत्तर झाला. तुम्ही त्यांना शिकवता कशाला, लोक तुम्हाला त्रास देतात ते आम्हाला सहन होत नाही, असे तो म्हणू लागला. इथे वादाचे खरे कारण बाहेर आले. त्याच्या रागाखाली बहिणीची काळजी होती. मग सावित्रीमाईंनी त्याला शिक्षणाचे मोल समजावले. शेवटी भावाने चूक कबूल करून क्षमा मागितली आणि आई सुखावली.

या संवादातला भाऊ नीट पाहायला हवा. वरच्यांच्या लेखी तो स्वतः शूद्र, पण आपल्याहून खाली कुणी आहे या समाधानावर तो जगत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी यालाच पुढे श्रेणीबद्ध विषमता म्हटले. प्रत्येकाला पायाखाली कुणीतरी मिळते, म्हणून ही उतरंड टिकते.

आता हा आरसा आपल्या घरात धरू. फुले दांपत्याच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी. १८५५ मध्ये ज्ञानोदयात तिचा निबंध छापून आला. ब्राह्मणी वर्चस्वाचा जाब विचारताना, महारही मांगांना आपल्यापेक्षा खालचे समजतात, ही व्यथाही तिने मांडली. १९५६ च्या धम्मदीक्षेने आपल्याला ही उतरंड सोडण्याची वाट दिली. तरीही मातंग मुलीशी लग्न ठरवणाऱ्या मुलाला बौद्ध घरात विरोध होतो तेव्हा आपण नायगावच्या त्या भावाच्या जागी उभे असतो. नोकरी लागून शहरात गेलेला पाहुणा गावच्या ऊसतोड करणाऱ्या नातलगाकडे नाक मुरडतो, तेव्हाही तेच घडते. अशा वेळी घरात बोलायचे कुणी? ज्याला फुले-आंबेडकर वाचता येतात त्याने.

तिसरा प्रसंग २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांच्या निधनानंतरचा. यशवंत हा दत्तक मुलगा, एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला. अंत्ययात्रेत टिटवे कुणी धरायचे यावरून भावकीतल्यांनी त्याचा हक्क नाकारला. इथे सावित्रीमाईंनी वाद वाढवला नाही. टिटवे स्वतः हाती घेतले आणि त्या पुढे चालू लागल्या. पुढे १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी यशवंतच्या दवाखान्यात आणले. त्यातूनच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

तीन वाद, तीन वेगळी उत्तरे. काम थांबवण्याची अट आली तेव्हा त्यांनी घर सोडले. माणूस ऐकण्याजोगा होता तिथे बसून समजावले. बोलण्याची वेळ नव्हती तिथे कृती केली. कुठे काय करायचे याचे भान हवे. भगवान बुद्धांनी सांगितलेली सम्यक वाचा म्हणजे गोड बोलून सत्य लपवणे नव्हे. सत्य, हिताचे, योग्य वेळी आणि मैत्रीभावाने बोलणे, असा तिचा अर्थ आहे. वेरूळच्या पहिल्या बारा बौद्ध लेण्यांसमोर उभे राहून आपण वारशाचा अभिमान बाळगतो. तो वारसा घरच्या ओसरीपर्यंत यायला हवा.

म्हणून युवक-युवतींना एवढेच सांगणे आहे. पुढच्या वेळी घरात असा विषय निघाला की समोरच्याची माया आधी आठवा, त्याच्या जगण्यातला दाखला द्या, एक नेमका प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट पाहा. तो एका बैठकीत बदलेलच असे नाही. पण ऐकणारी आई, धाकटी बहीण, शेजारी बसलेले पोरही त्या घरात असते.

जय भीम! जय सावित्री!