थंडीचं गणित सोडवणारी मेरी

बाजारातून आणलेली मेथी, कोथिंबीर, टोमॅटो आपण घाईघाईने फ्रिजमध्ये कोंबतो. चार दिवसांनी कोथिंबिरीचा चिखल झालेला दिसतो आणि मग बोल लावतो फ्रिजला! मैत्रिणींनो, थंडीत अन्न टिकतं कसं, हे शोधण्यात एका बाईने अख्खं आयुष्य घालवलं. तिचं नाव मेरी एंगल पेनिंग्टन.

मेरीचा जन्म १८७२ चा, अमेरिकेतला. बारा वर्षांची असताना रसायनशास्त्राचं एक पुस्तक हाती पडलं आणि तिला तोच ध्यास लागला. पेनसिल्व्हानिया विद्यापीठात १८९२ मध्ये तिने पदवीचा अभ्यास पूर्ण केला; पण मुलींना पदवी द्यायची तिथे पद्धतच नव्हती. पदरात पडलं ते नुसतं प्रमाणपत्र. मेरी रडत बसली नाही. पुढे शिकत राहिली आणि १८९५ मध्ये तिथूनच डॉक्टरेट घेऊन बाहेर पडली.

मग तिने फिलाडेल्फियात स्वतःची प्रयोगशाळा काढली. शहराच्या आरोग्य खात्यासाठी दूध तपासलं. आइस्क्रीमवाल्यांना तिने त्यांच्याच भांड्यांतले जंतू सूक्ष्मदर्शकातून दाखवले, तेव्हा कुठे ते भांडी उकळून घेऊ लागले. १९०७ मध्ये सरकारी परीक्षेला तिचं नाव गेलं ते ‘एम. ई. पेनिंग्टन’ असं, म्हणजे बाई आहे हे कळू नये! दुसऱ्याच वर्षी ती सरकारी अन्न-संशोधन प्रयोगशाळेची प्रमुख झाली. अंडी, कोंबड्या, मासे कसे टिकवायचे हे तिने शोधलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात रेल्वेच्या बर्फाच्या डब्यांतून स्वतः फिरून त्यांतली थंडी तपासली.

नुसती थंडी पुरत नाही, हे तिने ओळखलं होतं. हवा कोरडी झाली की अन्न सुकतं, फार ओलसर झाली की बुरशी धरते. १९२३ पासून तिने घरोघरच्या बायकांसाठी पुस्तिका काढल्या. त्यांत शीतपेटी कशी वापरावी, हे सोप्या शब्दांत सांगितलेलं असे.

आज आपल्या फ्रिजमधला भाजीचा कप्पा ओलावा राखण्यासाठीच असतो. पालेभाजी निवडून, न धुता, कोरड्या सुती कापडात गुंडाळून त्यात ठेवा. सफरचंदं आणि पिकलेली फळं तिच्याशेजारी नकोत. त्यांच्यातून निघणाऱ्या वायूने पानं लवकर पिवळी पडतात. कच्चे टोमॅटो आधी बाहेर पिकू द्या. कांदे-बटाटे बाहेरच बरे, तेही एकमेकांपासून दूर. आणि फ्रिज ठासून भरू नका, हवा फिरायला जागा हवी.

१९४० मध्ये स्त्री-रसायनशास्त्रज्ञांसाठीचं मानाचं गार्व्हन पदक मेरीला मिळालं. १९५२ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी ती गेली, तोवर तिचं काम चालूच होतं. एकेकाळी जिला पदवी नाकारली, तिचा सल्ला घ्यायला पुढे मोठमोठ्या कंपन्या येत असत. उद्या कोथिंबीर कापडात गुंडाळताना तिची आठवण जरूर काढा.