डॉ. चिंतामणराव देशमुख : सत्ता आणि उत्तरदायित्व

चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीने महाराष्ट्राला दिलेल्या कर्तबगार पुरुषांत डॉ. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. हा अभिमान बहुधा त्यांनी भूषविलेल्या पदांचा असतो. परंतु अधिकारपदावरील माणसाने आपल्या कृतीचा जाब लोकांना दिलाच पाहिजे, या तत्त्वासाठी त्यांनी काय केले, याचे स्मरण त्याहून अधिक मोलाचे आहे.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्यानजीकच्या नाते या गावी झाला. वडील वकिली करीत. १९१२ साली चिंतामणराव मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्राचे अध्ययन केले आणि १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत प्रथम क्रमांक पटकावला. मध्यप्रांत व वऱ्हाडात नोकरी केल्यावर ते रिझर्व्ह बँकेत आले आणि १९४३ साली त्या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५० साली त्यांच्याकडे भारताचे अर्थमंत्रिपद आले. १९५२ च्या निवडणुकीत त्यांच्या जन्मभूमीनेच, म्हणजे कुलाबा जिल्ह्याने, त्यांना लोकसभेवर पाठविले.

१९५६ चा जानेवारी महिना त्यांच्या कसोटीचा ठरला. मुंबई शहर केंद्रशासित करण्याचा निर्णय पंतप्रधान नेहरूंनी जाहीर केला. शहरात क्षोभ उसळला, पोलिसांच्या गोळ्यांना माणसे बळी पडली. चिंतामणरावांनी त्याच महिन्यात राजीनामा सादर केला; तो जुलैमध्ये स्वीकारला गेला. २५ जुलै रोजी लोकसभेत त्यांनी आपली कारणे मांडली. मुंबई महाराष्ट्राची, ही भावना तर त्यांत होतीच. पण त्यांचे मुख्य आक्षेप राज्यकारभाराच्या नीतीविषयी होते. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता झाला, हा एक. आणि गोळीबाराची चौकशी नाकारण्यात आली, हा दुसरा. नेहरूंनी पहिला आरोप मान्य केला नाही. तथापि ज्या सरकारात आपण बसलो आहो त्याच्या कृत्याची जबाबदारी आपल्यावरही येते, आणि ते कृत्य पटत नसेल तर खुर्ची सोडावी, हा धडा त्यांनी आचरणाने घालून दिला.

त्याच जानेवारीत त्यांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण केले होते. त्यातून निघालेल्या महामंडळाच्या पैशाचा मुंध्रा प्रकरणात गैरवापर झाला, तेव्हा न्यायमूर्ती छागला यांनी उघड चौकशी केली आणि १९५८ साली चिंतामणरावांच्या जागी आलेल्या अर्थमंत्र्यांना, टी. टी. कृष्णमाचारी यांना, पद सोडावे लागले. चौकशी उघडपणे झाली तर सत्य बाहेर येते, हे देशाने पाहिले.

मंत्रिपद गेल्यावर चिंतामणराव शिक्षणाच्या सेवेत रमले. विद्यापीठ अनुदान मंडळाचे ते अध्यक्ष झाले. विद्यापीठांना सरकारी पैसा मिळावा, परंतु त्यांच्या स्वायत्ततेला धक्का लागू नये आणि अध्यापनाचा दर्जाही ढळू नये, अशा नाजूक समतोलाचे ते काम होते. १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. तेथे १९६२ सालीच पत्रद्वारा शिक्षण सुरू झाले व नोकरीधंद्यात गुंतलेल्यांना पदवीची वाट मोकळी झाली.

अनुदान मंडळाच्या अध्यक्षपदी असतानाच, १९५९ साली, त्यांनी मंत्र्यांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करणारे उच्च व निःपक्षपाती कायम न्यायमंडळ नेमावे, अशी जाहीर सूचना केली. असे मंडळ नेमल्यास स्वतः त्यापुढे तक्रारी ठेवण्याचीही त्यांची तयारी होती. अशाने संशयाचे वातावरण पसरेल, असे म्हणून नेहरूंनी ती सूचना फेटाळली. पुढे १९७१ साली महाराष्ट्राने लोकायुक्ताचा कायदा केला. केंद्रात लोकपालाचा कायदा होण्यास २०१३ साल उजाडले. चिंतामणराव तर २ ऑक्टोबर १९८२ रोजीच निवर्तले होते. त्यांच्या सूचनेनंतर चोपन्न वर्षांनी देश त्या वाटेवर आला.

हा कठोर न्यायनिष्ठ पुरुष हृदयाने रसिक होता. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठी पद्यात आणले, गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत गुंफली. विद्या ही त्यांच्या लेखी केवळ परीक्षेतील पहिल्या क्रमांकापुरती नव्हती. मनाला वळण लावणारी ती शक्ती होती.

आपल्या मुलांना चिंतामणरावांचे गुण आणि पदके सांगताना त्यांचा राजीनामाही सांगावा. परीक्षेत पहिला येणारा दरवर्षी कोणी ना कोणी असतोच. आपल्या हाती आलेल्या अधिकाराचा, मग तो राज्याचा असो, शाळेचा असो वा एखाद्या लहानशा संस्थेच्या निधीचा असो, हिशेब विचारण्यापूर्वीच पुढे ठेवणारा माणूस घडविणे अवघड आहे. तो आपल्या घरांतून घडावा, हीच त्यांच्या स्मृतीला साजेशी आदरांजली होय.