विश्लेषण : शिकारीसाठी राखलेले रान, शेतीसाठी अडवलेले पाणी, शाहू महाराजांच्या दोन वारशांचा तुमच्या परड्याशी संबंध काय?

कोल्हापुरात कसबा बावडा म्हटले की दोन ठिकाणे पटकन आठवतात. एक राजाराम बंधारा, ज्याची पाणीपातळी पावसाळ्यात अख्खा जिल्हा रोज तपासतो. दुसरे लक्ष्मी विलास पॅलेस. याच वास्तूत 26 जून 1874 रोजी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला. आरक्षण, शिक्षण, वसतिगृहे, कुस्ती या संदर्भात त्यांचे नाव सतत घेतले जाते. रान, पाणी आणि झाडे यांच्याशी असलेल्या त्यांच्या नात्यावर मात्र कमी बोलले जाते. बावड्यातल्या परड्यात लावलेल्या भोपळ्याला फळ धरेल की नाही, याचा धागाही त्या नात्याशी जोडलेला आहे.

कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव 17 मार्च 1884 रोजी दत्तक जाऊन शाहू छत्रपती झाले. राजकोट आणि धारवाड येथे शिक्षण घेऊन 2 एप्रिल 1894 रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा ते विशीतही पोहोचले नव्हते.

महाराज पट्टीचे शिकारी होते, हे आधी मान्य करायला हवे. पाळलेल्या चित्त्यांकडून काळविटाची शिकार हा कोल्हापूर दरबाराचा प्रसिद्ध खेळ होता. चित्ते सांभाळणारे चित्तेवान शहरात राहत. त्या काळातल्या बहुतेक संस्थानिकांप्रमाणे त्यांच्यासाठीही जंगल म्हणजे शिकारीची जागा होती. आजच्या अर्थाने त्यांना निसर्गरक्षक म्हणणे ओढूनताणून होईल.

पण शिकारीसाठी रान राखावे लागते. दाजीपूरचे दाट जंगल असेच दरबाराच्या शिकारीसाठी राखीव राहिले. तिथे सर्रास कुऱ्हाड चालली नाही, त्यामुळे गवे टिकले, आणि गव्यांबरोबर जांभूळ, हिरडा, अंजनी, कारवीही टिकली. कोल्हापूरच्या गादीला झाडांबद्दलची आस्था तशी नवी नव्हती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात रयतेची आंबा-फणसाची झाडे तिच्या मर्जीविरुद्ध तोडू नयेत, अशी ताकीद आहे.

दुष्काळाने काय बदलले?

राज्यकारभार हाती येऊन दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच 1896-97 चा दुष्काळ आला. पाठोपाठ प्लेग आणि 1899-1900 चा दुष्काळही आला. सह्याद्रीत धो-धो कोसळणारे पाणी उन्हाळ्यात हाताशी राहत नाही, हा प्रश्न महाराजांनी मनावर घेतला. 1902 मध्ये संस्थानाने पाटबंधाऱ्यांचे धोरण आखले आणि काही वर्षांतच भोगावती नदीवर मोठ्या धरणाचे काम हाती घेतले. धरणाजवळ वसवलेल्या गावाला मुलीच्या नावावरून राधानगरी नाव मिळाले. दुसरीकडे पन्हाळा, भुदरगडच्या डोंगरांत चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग चालू होते. गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी पेठ त्याआधीच, 1895 मध्ये वसली होती.

धरणाचे काम पैशांअभावी रखडले. 6 मे 1922 रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले, तेव्हा ते फक्त 47 वर्षांचे होते. धरण पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. आज त्यात आठ टीएमसीहून अधिक पाणी साठते. ते भोगावतीतून पंचगंगेत येते आणि बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरून पुढे जाते.

मग अडचण कुठे आहे?

या पाण्यावर ऊस वाढला. दुष्काळाच्या भीतीत जगणाऱ्या शेतकऱ्याला त्याने हमखास पैसा दिला, त्यामुळे त्याला दोष देणे सोपे नाही. बावड्यात तर साखर कारखानाच आहे. पण उसाचे परागीभवन वाऱ्याने होते, लागवड कांड्यांपासून होते आणि तुरा येणे शेतकऱ्याला नकोच असते. म्हणजे मैलोन् मैल हिरवे दिसणारे हे शिवार मधमाशीच्या दृष्टीने जवळपास उपाशी आहे. पूर्वी बांधावर करंज, पांगारा, जांभूळ असायचे. बांध अरुंद होत गेले तशी ती झाडेही गेली.

महाराजांचे दोन वारसे इथे एकमेकांसमोर येतात. वर दाजीपूरला फुलांनी भरलेले रान आणि खाली फुलांवाचून हिरवेगार शिवार. दाजीपूरला 1958 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. 1985 मध्ये विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य 351.16 चौरस किलोमीटरचे झाले आणि 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही आले. मात्र सातेरी मधमाशी पोळ्यापासून साधारण एक-दीड किलोमीटरच्या टापूत चरते. दाजीपूरची माशी काही बावड्यात येणार नाही. मधल्या पट्ट्यात तिच्यासाठी उरतात ती घरांमागची परडी.

परड्यात काय करता येईल?

भोपळा, दोडका, काकडी यांची नर आणि मादी फुले वेगळी असतात. माशी फिरकली नाही तर कोवळे फळ पिवळे पडून गळते. लोक खत कमी पडले समजून आणखी खत घालतात. वांगी-टोमॅटोचे गणित आणखी निराळे आहे. त्यांचा पराग फूल थरथरवल्यावर नीट सुटतो आणि ते काम मधमाशीला जमत नाही, काळ्या भुंग्याला जमते. हा भुंगा वाळक्या लाकडात भोक पाडून राहतो. त्यामुळे शेवग्याचे वाळलेले खोड लगेच चुलीत घालण्याची घाई नको.

लिंबू आणि कढीपत्त्याची पाने कुरतडणारी अळी दिसली की हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. ती बहुधा फुलपाखराची असते. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या ब्लू मॉरमॉनची, म्हणजे राणी पाकोळीची अळीही लिंबाच्या पानांवर वाढते. झाड मोठे असेल तर चार पाने गेल्याने त्याचे काही बिघडत नाही.

तुळस, झेंडू आणि शेवगा फुलावर असताना फवारणी टाळावी. अगदीच गरज पडली तर सूर्य मावळल्यावर, माश्या पोळ्यात परतल्यानंतर करावी. सगळ्या परड्याला फरशी घालण्याऐवजी एखादा कोपरा मातीचा ठेवावा. एकट्या राहणाऱ्या अनेक माश्या जमिनीतच बीळ करून अंडी घालतात.