विश्लेषण : लग्नासाठी कर्ज आणि आयुष्यभराची वेठ! टिटवाळ्यातून सुरू झालेला गोदावरी परुळेकरांचा लढा काय होता?

कसारा लोकलने टिटवाळ्याला उतरणारे बहुतेक जण महागणपतीच्या दर्शनाला निघालेले असतात, नाहीतर नव्या गृहसंकुलांमधील आपल्या घरी. याच टिटवाळ्यात ७ जानेवारी १९४५ रोजी महाराष्ट्र प्रांतिक किसान सभेची परिषद भरली होती. तिला उंबरगाव तालुक्यातून काही वारली आदिवासीही आले होते. या परिषदेनंतर गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्या जंगलपट्टीत पोहोचले आणि वर्षभरात जमीनदार-सावकारांची तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची घडी विस्कटली. तेव्हा हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी.

कोण होत्या गोदावरी परुळेकर?

जन्म १९०७ चा, पुण्यातील गोखले कुटुंबातला. फर्ग्युसन महाविद्यालयात अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र शिकल्यावर त्यांनी कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रातील पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. वकिली करून सुखात राहता आले असते. पण स्वातंत्र्यलढ्यात त्या तुरुंगात गेल्या, पुढे भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. १९३८ मध्ये मुंबईत त्यांनी घरकामगारांची संघटना बांधली. १९३९ मध्ये शामरावांशी विवाह आणि कम्युनिस्ट पक्षात प्रवेश, त्यानंतर युद्धविरोधी प्रचाराबद्दल पुन्हा तुरुंगवास.

लग्नगडी म्हणजे नेमके काय?

वारली तरुणाला लग्नासाठी पैसा लागे आणि तो देणारा एकच माणूस गावात असे, जमीनदार. शंभर-दोनशे रुपयांच्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही त्याच्याकडे राबायला बांधले जात. हेच लग्नगडी. मजुरी म्हणून कधी एखादा आणा, कधी पोटापुरते धान्य. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की त्याच जमीनदाराकडून खावटी घ्यायची आणि पीक आल्यावर वाढीव धान्याने फेडायची.

साधे गणित करून पाहू. कर्ज २०० रुपये आणि मजुरी रोज एक आणा. वर्षात एकही खाडा न करता माणूस ३६५ आणे, म्हणजे २२ रुपये १३ आणे कमावणार. कर्जावर वर्षाला अवघे १२ टक्के व्याज धरले तरी ते २४ रुपये होते. म्हणजे एक घासही न खाता सगळी कमाई दिली, तरी व्याजसुद्धा फिटत नाही. मुद्दल तर दूरच.

मग कायदा काय करत होता?

सक्तीने काम करून घेणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३७४ नुसार तेव्हाही गुन्हाच होता. सरकारला परिस्थिती ठाऊक नव्हती असेही नाही. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई प्रांतातील आदिवासींच्या स्थितीवर अहवाल दिला होता आणि त्यात वेठ व सावकारीचे तपशील होते. पण तक्रार करायची कोणी? काम देणारा, कर्ज देणारा आणि पोटाला धान्य देणारा माणूस एकच. त्याला दुखावले की तिन्ही दारे एकदम बंद. कायद्याची पदवी असलेल्या गोदावरींनी कोर्टाऐवजी गाव निवडले, ते बहुधा यामुळेच.

१९४५ मध्ये काय घडले?

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात पाच हजारांहून अधिक वारली जमले. वेठ करायची नाही आणि रोज १२ आणे मिळाल्याशिवाय कामावर जायचे नाही, असे ठरले. लाल झेंडा घेतलेले वारली गावोगाव गेले आणि लग्नगडी मोकळे होऊ लागले. आपल्या गणितात १२ आण्यांनी काय फरक पडतो? तेच २०० रुपये २६७ दिवसांच्या मजुरीएवढे होतात. कर्ज फेडणे निदान हिशेबात तरी बसू लागते.

पुढचा संप गवतकापणीचा. ही वेळ अचूक साधली होती. पावसाळा संपला की गवत ठरावीक दिवसांतच कापावे लागते आणि मुंबईच्या तबेल्यांना ते हवेच असते. नेहमी मजुराला घाई असायची, या वेळी मालकाला होती. मागणी होती ५०० पौंड गवतामागे अडीच रुपयांची.

१० ऑक्टोबरला तलवाड्यात हजारो वारली जमले. गोदावरींच्या नावाने खोटा निरोप पसरवून जमीनदारांच्या माणसांनीच त्यांना तिथे बोलावले, असे किसान सभेचे म्हणणे होते. पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. तरीही संप मोडला नाही आणि मालकांना दर वाढवावे लागले.

अर्थशास्त्र काय सांगते?

१९७३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ अमित भादुरी यांनी पश्चिम बंगालच्या शेतीवर एक गाजलेला निबंध लिहिला. जमीनदारच सावकार असेल तर कुळाची कमाई वाढण्यात त्याला रस नसतो, कारण कर्ज फिटले की कुळ हातातून सुटते, असा त्याचा गाभा. झरीत जमलेल्या वारल्यांना हे सांगायला निबंधाची गरज नव्हती. वेठबिगारी निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा १९७६ मध्ये आला. भिवंडी, कल्याण, शहापूर पट्ट्यातील वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे उचल घेऊनच कामाला जातात, त्यामुळे हा विषय जुना झालेला नाही.

पुढे काय झाले?

शामराव १९५७ मध्ये ठाण्याचे खासदार झाले आणि १९६५ मध्ये स्थानबद्धतेत असतानाच गेले. गोदावरींनी काम थांबवले नाही. या लढ्यावरील त्यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार महिलांसाठी उभारलेल्या १० हजार घरांच्या वसाहतीला त्यांचे नाव आहे.