बोटे आखडली, कुंचला सुटला नाही

संधिवाताने बोटे धरली, की आम्हा वृद्धांना सदऱ्याचे बटण लावणेही जड जाते. अशा वेळी आम्हांस फ्रेंच चित्रकार रेन्वार आठवतात.

१८४१ साली शिंप्याच्या घरी जन्मलेले रेन्वार लहानपणी चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रे रंगवीत. पुढे मोठे नाव झाले. पण पन्नाशीच्या सुमारास संधिवाताने गाठले. उबेसाठी ते दक्षिणेकडे जाऊ लागले व १९०७ साली कान्य गावी त्यांनी जैतुनाच्या जुन्या झाडांची वाडी घेतली. पुढे चाकाची खुर्ची आली. बोटे तळव्यात वळली. कातडी सोलू नये म्हणून हाताला पट्ट्या बांधीत, आणि दुसरे कोणी बोटांत कुंचला अडकवून देई. हात पोचेना, तेव्हा चित्राचे कापडच रुळावर गुंडाळून फिरविण्याची सोय केली. १९१३ पासून तरुण शिल्पकार ग्विनो यांना सूचना देऊन मूर्ती घडविल्या. महायुद्धात दोन मुले जखमी झाली, १९१५ साली पत्नी वारली. काम चालूच राहिले. १९१९ साली, ७८व्या वर्षी, ते निवर्तले.

दुखणे हटले नाही. त्यांनी कामाची रीत बदलली आणि मदत घेण्यात कमीपणा मानला नाही. जन्मभर इतरांना शिकविणाऱ्या आम्हांस हा धडा उशिरा उमगला. वाचकहो, आज बटण लावून द्यायला नातवंडाला जरूर हाक मारा.