शारदारंजन राय : बंगाली क्रिकेट घडविणारे प्राचार्य

कोलकाता – संस्कृतचे प्राध्यापक आणि क्रिकेटपटू म्हटले की महाराष्ट्राला पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर आठवतात. देवधरांचा जन्म १८९२ सालचा. त्याआधीच अध्यापन आणि क्रिकेट यांची अशीच सांगड बंगालमध्ये शारदारंजन राय यांनी घातली होती. खेळाडू, प्रशिक्षक, संघटक आणि शेवटी महाविद्यालयाचे प्राचार्य, असा त्यांचा प्रवास झाला.

राय यांचा जन्म १८५८ साली मैमनसिंह जिल्ह्यातील मसुआ या गावी झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. बालसाहित्यकार उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे त्यांचे धाकटे बंधू. त्यामुळे चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय हे नात्याने त्यांचे चुलत नातू होत. उपेंद्रकिशोर यांच्यासह तीन भावांनी ब्राह्मो पंथ स्वीकारला, तर शारदारंजन आणि मुक्तिदारंजन हिंदूच राहिले. मात्र क्रिकेटची आणि मासे पकडण्याची आवड या कुटुंबात धर्ममतापलीकडे टिकून राहिली.

ढाका महाविद्यालयात शिकत असताना शारदारंजन क्रिकेटकडे वळले आणि भावांच्या साथीने त्यांनी तेथे खेळाची पायाभरणी केली. पुढे अलीगढच्या महाविद्यालयात त्यांनी गणित शिकविले. त्यानंतर अन्य काही ठिकाणी अध्यापन करून ते कोलकात्याच्या मेट्रोपोलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये रुजू झाले. ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी नावारूपाला आणलेली ही संस्था १९१७ पासून विद्यासागर महाविद्यालय म्हणून ओळखली जाते.

त्या काळी कोलकात्यातील क्रिकेटवर युरोपियनांचे वर्चस्व होते. ईडन गार्डन्सवर खेळणारा कलकत्ता क्रिकेट क्लब ही त्यांचीच संस्था होती. बंगाली माणूस शरीराने दुबळा असतो, असा शिक्काही राज्यकर्त्यांनी मारलेला होता. मुंबईत पारशी समाजाने १८४८ पासूनच स्वतःचे क्लब उभारले होते. बंगालमध्ये तशी परंपरा नव्हती. ती निर्माण करायची तर सुशिक्षित तरुणांनाच हाताशी धरले पाहिजे, ही राय यांची धारणा होती. १८८४ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेल्या टाउन क्लबमागे त्यांचीच प्रेरणा होती. विद्यार्थ्यांना ते स्वतः मैदानात उतरून शिकवीत. भरघोस दाढी आणि फलंदाजीतील अधिकार यांमुळे त्यांना भारताचे डब्ल्यू. जी. ग्रेस म्हटले जाऊ लागले.

खेळ शिकविला, तरी साहित्याचा प्रश्न उरतच होता. विलायतेहून येणाऱ्या बॅटी सामान्य घरातील विद्यार्थ्याला परवडणाऱ्या नव्हत्या. राय यांनी एस. राय अँड कंपनी हे क्रीडासाहित्याचे दुकान काढले आणि स्वस्त देशी बॅटी बाजारात आणल्या. प्राध्यापकाने व्यापार करणे त्या काळी रूढ नव्हते. परंतु बॅट हाती आल्याखेरीज प्रशिक्षणाला अर्थ नाही, हे त्यांनी ओळखले होते.

मैदानामुळे विद्याव्यासंगाकडे त्यांचे दुर्लक्ष झाले नाही. कालिदासाच्या ग्रंथांच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सिद्ध केलेल्या सटीप आवृत्त्या सर्वदूर वापरल्या गेल्या. १९०९ मध्ये ते प्राचार्य झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले.

१९२० मध्ये कोलकात्यात ईस्ट बंगाल फुटबॉल क्लब स्थापन झाला. पूर्व बंगालमधून आलेल्या खेळाडूंना डावलले जाते, ही भावना त्यामागे होती. मूळचे पूर्व बंगालचे असलेले राय या क्लबचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांचे वय तेव्हा साठीपलीकडे होते.

१९२५ मध्ये शारदारंजन राय यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी मुंबईत प्रा. देवधरांनी इंग्लंडहून आलेल्या एमसीसी संघाविरुद्ध १४८ धावा काढल्या आणि भारताला कसोटी दर्जा मिळण्याच्या दृष्टीने ती खेळी महत्त्वाची ठरली. १९३२ मध्ये भारत पहिला कसोटी सामना खेळला. राय यांना तो दिवस पाहता आला नाही. मात्र त्यांचे भाचे कार्तिक बोस बंगालकडून खेळले आणि नंतर नामवंत प्रशिक्षक म्हणून त्यांनी कोलकात्यात अनेक क्रिकेटपटू घडविले. खेळाडूने पुढच्या पिढीचा शिक्षक व्हावे, हा राय यांनी घालून दिलेला पायंडा त्यांच्या घरातच पुढे चालू राहिला.