सुतारखोलीतील संशोधिका : लिझे माइट्नर

अणुकेंद्राच्या विभाजनाचा उलगडा भाचा ओट्टो फ्रिश यांच्यासह १९३९ मध्ये करणाऱ्या लिझे माइट्नर यांचे नाव विज्ञानप्रेमींना परिचित आहे. परंतु त्याआधीची त्यांची तीस वर्षांची वाटचाल फारशी सांगितली जात नाही.

१८७८ साली व्हिएन्ना येथे एका वकिलाच्या घरी त्यांचा जन्म झाला. मुलींचे शालेय शिक्षण त्याकाळी चौदाव्या वर्षीच संपे. १८९७ मध्ये विद्यापीठाने स्त्रियांना प्रवेश दिला, तेव्हा मुले आठ वर्षांत करीत तो अभ्यास लिझे यांनी खाजगी शिकवणीने अवघ्या दोन वर्षांत पुरा केला. १९०१ मध्ये त्या विद्यापीठात दाखल झाल्या. बोल्ट्झमान यांच्या व्याख्यानांनी त्यांना पदार्थविज्ञानाचे वेड लावले, आणि १९०६ मध्ये उष्णतावहनावरील प्रबंधास डॉक्टरेट मिळाली.

पदवी हाती आली. नोकरी मात्र नव्हती. वडिलांनी खर्चाची तजवीज केली आणि १९०७ मध्ये त्या प्लांक यांची व्याख्याने ऐकण्यासाठी बर्लिनला गेल्या. तेथे किरणोत्सर्गाचे अभ्यासक ओट्टो हान यांना सहकारी हवा होता. अडचण एकच, रसायनसंस्थेचे प्रमुख एमिल फिशर यांच्या संस्थेत स्त्रियांना मज्जाव होता. अखेर तळघरातील जुनी सुतारखोली त्यांना मिळाली, बाहेरून स्वतंत्र दार असलेली. वरच्या मजल्यावर पाऊल टाकण्याची परवानगी नव्हती. स्वच्छतागृहासाठी शेजारचे उपाहारगृह गाठावे लागे. प्रशियाने स्त्रियांना विद्यापीठे खुली केल्यावर ही बंदी उठली.

१९१२ मध्ये दाहलेम येथे कैसर विल्हेल्म रसायनसंस्था उघडली. तेथेही हान वेतनावर, तर माइट्नर विनावेतन पाहुण्या! त्याच वर्षी प्लांक यांनी त्यांना सहायक नेमले. काम विद्यार्थ्यांचे पेपर तपासण्याचे, पण पहिली मिळकत ती हीच.

महायुद्धात ऑस्ट्रियन लष्करी इस्पितळांत क्ष-किरणांचे काम करून त्या परतल्या, आणि १९१७ मध्ये संस्थेच्या पदार्थविज्ञान विभागाच्या प्रमुख झाल्या. हान बराच काळ आघाडीवर असल्याने ९१ व्या मूलद्रव्याच्या शोधाचे बहुतेक काम त्यांनीच केले. १९१८ च्या त्या निबंधावर मात्र हान यांचे नाव आधी छापले गेले.

१९२२ मध्ये त्यांना विद्यापीठात व्याख्याने देण्याचा अधिकार मिळाला. पहिले व्याख्यान विश्वातील घडामोडींसंबंधी होते; वृत्तपत्राने विषय सौंदर्यप्रसाधनांचा असल्याचे छापले. १९२६ मध्ये त्या प्राध्यापक झाल्या, जर्मनीत पदार्थविज्ञानात हे पद मिळविणारी पहिली स्त्री. १९३३ मध्ये ज्यू वंशाच्या म्हणून तो अधिकार काढून घेण्यात आला.